कमी दिवसांचं बाळ आणि आरओपी: डोळ्यांची तारीख चुकू नये म्हणून

बाळ कमी दिवसांचं झालं आणि काचेच्या पेटीत ठेवलं की घरच्यांचं सगळं लक्ष श्वास, वजन आणि दूध या तीन गोष्टींवर जातं. ते बरोबरच आहे. डोळ्यांची आठवण कुणाला होत नाही, कारण बाहेरून डोळे अगदी नेहमीसारखे दिसतात. आई नळीतून किती मिलिलिटर दूध गेलं ते मोजत असते, बाबा बांबोळीच्या औषधाच्या दुकानासमोर रांगेत असतात, आणि त्याच दिवसांत बाळाच्या डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर एक आजार आकार घेत असू शकतो. त्याचं लांबलचक नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. वॉर्डात सगळे आरओपी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हा लेख गोव्यात नुकतेच आईबाबा झालेल्यांसाठी आहे, आणि दोडामार्ग, सावंतवाडीकडून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, येणाऱ्यांसाठीही. बाळाला धोका किती आहे हे फाईलमधून कसं ओळखायचं, तपासणी कधी करायची आणि पुढं काय होतं, एवढाच विषय. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा. तारीख लक्षात ठेवण्याचं काम मात्र शेवटी घरच्यांवरच येतं.

आधी हा आजार आहे तरी काय

पोटातल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून पसरू लागतात. मधून निघतात आणि कडेकडे सरकतात. नाकाकडची कड छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठली जाते, कानाकडची त्याहून उशिरा, चाळिसाव्याच्या आसपास. बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं तर कडेचा बराच भाग अजून रक्तवाहिन्यांविना असतो.

जन्मानंतर दोन टप्प्यांत गडबड होते. आईच्या पोटात ऑक्सिजन बेताचा असतो. बाहेर आल्यावर, विशेषतः वरून ऑक्सिजन लावावा लागला तर, तो एकदम जास्त मिळतो आणि वाहिन्यांची वाढ थबकते. पुढच्या काही आठवड्यांत डोळा वाढतो, कडेच्या भागाला रक्त हवं असतं, ते पोहोचत नाही. मग तो भाग वाहिन्या वाढवणारं रसायन भरमसाट सोडतो आणि नव्या वाहिन्या मांडव चुकलेल्या वेलीसारख्या भलतीकडं वाढतात. त्या नाजूक असतात, त्यांतून रक्त झिरपतं, त्यांच्या जागी चट्टे धरतात, आणि ते आकसले की पडदा ओढला जाऊन सुटतो.

यावरून लक्षात येईल की पहिल्या आठवड्यात तपासून सहसा काही सापडत नाही आणि दोन-तीन महिन्यांनी तपासलं तर कित्येकदा हातातून वेळ गेलेली असते. मधली खिडकी लहान आहे.

पहिली पायरी: आपलं बाळ यादीत बसतं का

भारतात पाळला जाणारा नियम असा: ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा जन्मतः २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ तपासायचं. दोन्हींपैकी एक लागू झालं तरी पुरे. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ असेल आणि त्याला ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, रक्त चढवणं यांपैकी काही झालं असेल, तर तेही तपासायचं.

आपल्याकडे मोजणी महिन्यांत चालते आणि डॉक्टर आठवड्यांत बोलतात, तिथं घोटाळा होतो. ढोबळ हिशेब असा धरा की आठवा महिना पुरा व्हायच्या आत जन्मलेलं बाळ तपासणीच्या यादीत आहे असं समजून चालायचं, आणि नक्की आठवडे सोनोग्राफीच्या पहिल्या रिपोर्टवरून विचारून घ्यायचे.

इंटरनेटवर वाचणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेचा नियम ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅम असा आहे. तो वाचून '१७०० ग्रॅमच्या बाळाला कशाला' असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. आपल्याकडे त्याहून मोठ्या, वजनदार बाळांनाही गंभीर आरओपी झालेला दिसतो, म्हणूनच इथली मर्यादा वर ठेवली आहे. काकांना हे सांगा.

जुळी असतील तर दोघांचीही तपासणी, वेगवेगळी. एकाचा पडदा ठीक निघाला म्हणून दुसऱ्याचा ठीक असेलच असं नाही.

दुसरी पायरी: फाईल वाचायला शिका

धोका वाढवणाऱ्या बहुतेक गोष्टी बाळाच्या फाईलमध्ये लिहिलेल्या असतात, फक्त त्या डोळ्यांच्या नावाखाली लिहिलेल्या नसतात. छोटी वही करा. राउंडच्या वेळी विचारा, लिहून ठेवा. चांगल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, या प्रश्नांचा कुणाला राग येत नाही. आला तरी विचारा.

सगळ्यांत वजनदार दोन गोष्टी म्हणजे किती आठवड्यांना जन्म झाला आणि जन्मतः वजन किती होतं. दोन्ही आकडे जितके कमी तितका धोका जास्त. यात आता कुणी काही बदलू शकत नाही. बाकीच्या गोष्टींत थोडंफार हातात असतं.

त्यांतली पहिली ऑक्सिजन. त्याचा इतिहास माहीत असावा. १९४२ साली बॉस्टनमध्ये टेरी नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. तेव्हा कमी दिवसांच्या बाळांना हात सैल सोडून ऑक्सिजन दिला जाई आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पाश्चात्त्य देशांत हजारो मुलं आंधळी झाली. पन्नासच्या दशकात अभ्यासांनी दोष ऑक्सिजनच्या अतिरेकाकडं दाखवला. मग तो इतका आखडता घेतला गेला की आंधळेपण घटलं, पण मृत्यू आणि मेंदूची इजा वाढली. त्यामुळं 'ऑक्सिजन डोळे घालवतो' हे अर्धवट ऐकून सिस्टरांना तो कमी करायला सांगू नका. औषधासारखा तो मोजून द्यायचा असतो.

मोजमाप बाळाच्या पायाला गुंडाळलेल्या लाल दिव्याच्या पट्टीवरून होतं. मॉनिटरवर जो टक्क्यांचा आकडा दिसतो तो रक्तातला ऑक्सिजन. वरून ऑक्सिजन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५च्या दरम्यान ठेवतात. ऑक्सिजन चालू असताना तो तासन्‌तास ९९-१०० दिसत असेल, तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, ऑक्सिजन कमी करता येईल का?" आणि ऑक्सिजन बंद असून बाळ साध्या हवेत श्वास घेतंय, तेव्हा १०० दिसलं तर चांगलंच. हा फरक न कळल्यानं कितीतरी आईबाबा उगाच घाबरतात. आकडा सतत वर-खाली होत राहणंही डोळ्यांना बरं नसतं.

दुसरा प्रश्न ब्लेंडरचा. हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारं हे यंत्र. ते नसेल तर सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन थेट जाऊ शकतो. लहान नर्सिंग होममध्ये प्रसूती झाली आणि नंतर बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवलं, तर मधल्या तासांत आणि ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन कसा दिला हे वहीत लिहून ठेवा. व्हेंटिलेटर किती दिवस, सीपॅप (नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन श्वासाला मदत) किती दिवस, हेही.

मग जंतुसंसर्ग. रक्तात संसर्ग झाला, अँटिबायोटिक बदलावं लागलं, बुरशीचा संसर्ग निघाला, तर धोका वाढतो. रक्त चढवलं असेल तर कितीदा, ते लिहा. श्वास मधेच थांबण्याचे झटके, मेंदूतला रक्तस्राव, आतड्याला आलेली सूज, साखर वाढलेली राहणं, या सगळ्याची नोंद डोळ्यांच्या डॉक्टरांना उपयोगी पडते. यांपैकी एकेक गोष्ट आजार 'देते' असा याचा अर्थ नाही. बाळ जितकं जास्त आजारी पडलं, तितकी पडद्याची परीक्षा कठीण, एवढंच.

वजनाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं आईचा हात लागतो. पहिल्या आठवड्यात वजन घटतं, ते अपेक्षित आहे. त्यानंतर रोज किलोमागे साधारण १५ ग्रॅम वाढ झाली तर बरं चाललंय असं समजतात; म्हणजे बाराशे ग्रॅमच्या बाळाला दिवसाला अठरा ग्रॅमच्या आसपास. वजन आठवडेच्या आठवडे तिथंच अडकलं असेल, तर गंभीर आरओपीची शक्यता वाढते. जगभरात हे इतकं पक्कं दिसलं आहे की वजनाच्या आलेखावरून धोका ओळखायच्या पद्धतीही निघाल्या आहेत. त्यामुळं आईचं दूध, अगदी पिळून काढलेलं चार-पाच मिलिलिटरही, आणि छातीशी धरण्याची कांगारू पद्धत या दोन गोष्टींना मागे सारू नका. आईच्या दुधावरच्या बाळांत गंभीर आरओपी कमी आढळतो. दूध येत नाही म्हणून सासूबाई काय म्हणतात याकडं काही दिवस दुर्लक्ष करायला माझी हरकत नाही. एनआयसीयूतल्या सिस्टरांना गाठा, त्या पंपापासून सगळं दाखवतात.

यादीतली एकही गोष्ट झाली नाही, बाळ ऑक्सिजनवर नव्हतंच, तरी तपासणी टाळायची नाही. आठवडे आणि वजन यांवर यादीत नाव आलं की आलं.

तिसरी पायरी: तारीख काढा, वार लक्षात ठेवा

पहिली तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या सुमारास, तीस दिवसांच्या आत. बाळ २८ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर लवकर, दोन ते तीन आठवड्यांनी.

सोपी युक्ती अशी: बाळ मंगळवारी जन्मलं असेल तर त्यानंतरचा चौथा मंगळवार ही हद्द. फार लहान बाळ असेल तर दुसरा किंवा तिसरा मंगळवार. कॅलेंडरवर त्याच दिवशी गोल करा. बाळ अजून आयसीयूत असेल तर तपासणी तिथंच होते. घरी गेलं असेल तर घेऊन यावं लागतं.

आणि नेमकं इथंच आपलं घरचं पंचांग आडवं येतं. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. एरवी या रूढीत वाईट काही नाही, आईला विश्रांती मिळते, पाहुण्यांचे जंतू लांब राहतात. पण सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस आणि डोळ्यांची हद्द तीस. घरातल्या ज्येष्ठांशी हा वाद तिसाव्या दिवशी घालू नका, बाळ एनआयसीयूत असतानाच घाला. 'एवढ्याशा जिवाचे डोळे कसले तपासता' या प्रश्नाला डॉक्टरांकडून उत्तर मिळालं तर आजी पटकन मानतात. त्यांना एकदा सोबत न्या.

दुसरा अडथळा माहेर. बाळ घरी सोडलं की आई पेडण्याहून कुडाळला किंवा फोंड्याहून बेळगावला जाते, आणि तपासणी 'तिकडं करू' वर राहते. जायचंच असेल तर जाण्याआधी दोन गोष्टी करा: तिथं आरओपी तपासणारे डोळ्यांचे डॉक्टर कोण आहेत ते फोन करून पक्कं करा, आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत न्या. चष्म्याचा नंबर काढणारा प्रत्येक नेत्रतज्ज्ञ ही तपासणी करत नाही.

तिसरा अडथळा चवथ. गणपतीच्या दिवसांत गोवा ठप्प असतो, हे काही नव्यानं सांगायला नको. तारीख त्या आठवड्यात पडत असेल तर अलीकडची मागून घ्या, पलीकडची नको. पावसाळ्यात वाळपई किंवा काणकोणहून यायचं असेल तरी हाच नियम.

डिस्चार्जच्या वेळी कार्डावर 'आरओपी तपासणी' आणि तारीख असे शब्द लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका. तामिळनाडूत १९९६ साली एका सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांची मुलगी जन्मली. आरओपीच्या तपासणीबद्दल पालकांना कुणी सांगितलं नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई दिली. डोळे काही परत आले नाहीत. लिहून मागण्यात संकोच कसला?

कुठं जायचं? गोमेकॉ बांबोळीत, उत्तरेला म्हापशाचं आणि दक्षिणेला मडगावचं जिल्हा रुग्णालय. ज्या एनआयसीयूत बाळ आहे तिथंच आधी विचारा की आरओपीसाठी ते कुठं आणि कोणत्या वारी पाठवतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर सोबत ठेवा आणि कोणता उपचार त्यात बसतो ते काउंटरवर विचारून घ्या. गोव्याबाहेरच्यांना गोमेकॉत २०१८ पासून शुल्क लागतं, तेवढी तयारी ठेवा.

चौथी पायरी: तपासणीचा दिवस

तपासणीच्या साधारण तासभर आधी दूध द्यायचं थांबवतात, म्हणजे उलटी होऊन श्वासनलिकेत जायची भीती नको. नक्की वेळ तिथल्या सिस्टरांना विचारा. बाहुली मोठी व्हावी म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोन-तीनदा थेंब घालतात. पाऊण तास ते तासभर यातच जातो. पाहणं काही मिनिटांचंच.

ते पाहणं मात्र बघवत नाही. पापण्या उघड्या ठेवायला बारीक तारेचा चिमटा लावतात, डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून भिंगातून बघतात, बाळ टाहो फोडतं. काही ठिकाणी कॅमेऱ्यानं पडद्याचे फोटो घेतात. बाळाला घट्ट गुंडाळून धरलं आणि जिभेवर आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे थेंब दिले तर त्रास कमी होतो. आईला बघवणार नसेल तर आत्या, मावशी, बाबा, कुणीही उभं राहावं.

नंतर डोळे लाल दिसतात, पापण्या थोड्या सुजतात, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत ओसरतं. बाळ दूधच ओढत नाही, श्वास थांबतोय, निळं पडतंय, डोळ्यांतून पू येतोय, असं काही दिसलं तर लगेच परत या किंवा १०८ला फोन करा.

पाचवी पायरी: निकाल समजून घ्या

'थोडं आहे, पुन्हा या' एवढंच ऐकून निघू नका. तीन गोष्टी विचारा: झोन कोणता, स्टेज कोणती, प्लस आहे का.

झोन म्हणजे वाहिन्या कुठवर पोहोचल्यात. झोन एक सर्वांत आतला; तिथंच थांबल्या असतील तर काळजी जास्त. स्टेज एक ते पाच. पहिल्या दोन कित्येकदा आपोआप बऱ्या होतात. तिसरीत भलत्या वाहिन्या उगवतात, चौथीत पडदा काही भागात सुटतो, पाचवीत पूर्ण. प्लस म्हणजे पडद्याच्या मुख्य वाहिन्या फुगून नागमोडी झाल्यात. आजार तेजीत असल्याची ती खूण. याशिवाय एक आक्रमक प्रकार असतो, तो या पायऱ्या न चढता काही दिवसांत थेट वाईट वळण घेतो. त्यासाठी दोन तपासण्यांमधलं अंतर डॉक्टर सांगतील तेवढंच ठेवायचं: कधी तीन-चार दिवस, कधी आठवडा, कधी दोन-तीन आठवडे.

पहिली तपासणी चांगली निघाली की काम संपलं, हा फार मोठा गैरसमज आहे. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्या असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत येत राहायचं. बहुतेक बाळांत ते मूळ प्रसूतीच्या तारखेच्या आसपास किंवा त्यानंतर काही आठवड्यांत होतं.

उपचार लागला तर

वेळ फार नसतो. उपचार ठरल्यावर तो दोन-तीन दिवसांत व्हायला हवा, आक्रमक प्रकारात त्याहूनही लवकर. 'घरी विचारून सोमवारी सांगतो' हे इथं चालत नाही.

लेझरनं कडेचा रक्त न मिळालेला भाग निकामी करतात, म्हणजे ते रसायन सुटणं थांबतं. कडेची थोडी नजर जाते, मधली वाचते. दुसरा मार्ग डोळ्यात दिलं जाणारं इंजेक्शन. ते पटकन होतं, झोन एकमध्ये बऱ्याचदा तेच निवडतात, पण त्यानंतर आजार काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून इंजेक्शन घेतलेल्या बाळाच्या फेऱ्या लेझरवाल्यापेक्षा जास्त काळ चालतात. जे घर लांब आहे, ज्यांना पुन्हा पुन्हा येणं जमणार नाही, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं. निवड करताना तेही धरलं जातं. पडदा सुटला तर मोठी शस्त्रक्रिया, आणि पाचव्या स्टेजला तिचा फायदा फार थोडा.

घरी

काजळ नको. डोळ्यात आईच्या दुधाचे थेंब, गुलाबपाणी, मध, काहीही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब तेवढे. 'बाळ दिव्याकडं बघतं, म्हणजे नजर चांगली' ही खात्री धरू नका. सुरुवातीच्या आरओपीत बाळाच्या वागण्यात काहीच वेगळं दिसत नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसते ती अगदी शेवटी.

आरओपी झाला असो वा नसो, कमी दिवसांच्या मुलांना लांबचं न दिसण्याचा मोठा नंबर, तिरळेपणा आणि एक डोळा आळशी पडणं हे इतरांपेक्षा जास्त होतं. पहिल्या वर्षात दर तीन-चार महिन्यांनी आणि मग पाच वर्षांपर्यंत वर्षातून एकदा डोळे दाखवा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला चष्मा लागला तर लावा. नातेवाईक हळहळतील, मूल सवय करून घेईल. बालवाडीत नाव घालताना जन्माची फाईल फेकून देऊ नका. चष्म्याच्या डॉक्टरांना ती दाखवली की पडद्याची कड तपासायचं त्यांच्या लक्षात राहतं.